द्रोणागिरीची कथा आणि बर्फातील रात्र
हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्या रुग्णांस सल्ला देताना

उरणच्या द्रोणागिरीची कथा या परिसरातील प्रत्येक घरात लहानपणीच कानावर पडते. मूर्च्छित लक्ष्मणासाठी मारुतिराय हिमालयातून औषधींचा पर्वत घेऊन निघाले, त्या पर्वताचा एक तुकडा येथे खाडीकाठी गळून पडला आणि तोच हा डोंगर, असे जुनी माणसे सांगतात. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला या डोंगरावर आहे. पायथ्याशी तेल व नैसर्गिक वायूचा प्रकल्प आहे आणि पलीकडे सिडकोची द्रोणागिरी वसाहत वसली आहे. येथील हिवाळा म्हणजे पहाटेची गार झुळूक आणि अंगावर एखादी शाल. बर्फ या डोंगराने पाहिलेला नाही. तरीही त्याचे नाव बर्फाच्या पर्वताचे आहे, आणि त्याच्या पायथ्याशी राहणारी तरुण मंडळी आता प्रत्येक पौष-माघात खऱ्या बर्फाच्या वाटेला लागली आहेत.

डिसेंबर उजाडला की आमच्या चिकित्सालयात तीच विचारणा होते. ‘डॉक्टर, केदारकांठ्याला चाललोय, थंडीसाठी काही ताकदीचे द्या.’ उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात सुमारे ३,८०० मीटर उंचीचे हे शिखर आहे. सांक्री या गावाहून निघून तीन-चार दिवसांत माथा गाठायचा आणि शेवटचा टप्पा मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास, डोक्याला दिवा बांधून बर्फातून चढायचा, असा तेथील रिवाज आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथून हिवाळ्याच्या सुट्टीत असंख्य मराठी कुटुंबे व मित्रमंडळे या वाटेने जातात. त्यांतील अनेकांनी त्यापूर्वी बर्फ पाहिलेला नसतो. निघण्यापूर्वी त्यांतील काही जण वैद्याकडे येतात, काही थेट औषधालयात जातात. आपण त्यांना काय देतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सांगतो, याचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा झालेला नाही. आम्हालाही तो एका चुकीनंतरच सुचला.

आमच्या हातून घडलेला प्रमाद

काही वर्षांपूर्वी तिशीतील एक गृहस्थ अशाच प्रवासासाठी औषधे मागण्यास आले. प्रकृती निरोगी होती. आम्ही नाडी पाहिली, त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या, अश्वगंधारिष्टाची बाटली, वातहर तेल आणि सुंठीचे चूर्ण बांधून दिले आणि शुभेच्छा देऊन निरोप दिला. किती उंचीवर जाणार, रात्री किती तास चालणार, पादत्राणे कशी आहेत, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही.

ते परत आले तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्यावर व शेजारच्या बोटावर मोठे फोड होते आणि त्वचा काळवंडली होती. माथ्याच्या वाटेवर बूट घट्ट बसावेत म्हणून त्यांनी मोज्यांच्या दोन जोड्या घालून नाड्या आवळल्या होत्या. दोन तासांनी बोटे बधीर झाली. तळावर परतल्यावर सोबत्यांनी आमचे तेल लावून बोटे जोरजोराने चोळली आणि पाय शेकोटीजवळ धरून ठेवला. ‘डॉक्टर, भाजत होते ते मला कळलेच नाही,’ असे ते म्हणाले. शल्यचिकित्सकाकडे पाठवल्यावर अनेक आठवड्यांनी जखम भरली. नख गेले, बोटे वाचली. थंडीने झालेली इजा मूळची लहान होती. चोळण्याने व शेकण्याने ती मोठी झाली. तेल आमचे होते आणि ‘थंडी वाजली तर चोळून शेक घ्या’ हा सल्लाही आमचाच होता.

रात्रीच का निघतात?

हिमप्रदेशात रात्री चढण्यास कारण आहे. दिवसा उन्हाने मऊ झालेला बर्फ रात्री गोठून घट्ट होतो, त्यावर पाऊल टिकते आणि उतारावरील बर्फ व दगड निसटण्याचा धोका तुलनेने कमी असतो. दुपारनंतर पर्वतावरील हवामान बिघडण्याचा संभव अधिक असल्याने सकाळीच माथा सोडून खाली यावे, हाही हेतू असतो. सूर्योदय शिखरावरून पाहण्याची हौस त्यात भर घालते.

परंतु दिवसातील सर्वांत थंड वेळ हीच असते. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हिवाळ्यात अशा ठिकाणी पहाटेपूर्वी पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातो आणि वारा सुटला म्हणजे उघड्या त्वचेतील उष्णता कितीतरी वेगाने हरण होते. त्यात प्राणवायूचा प्रश्न आहे. ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो. झोप अपुरी, जेवण घाईचे आणि अंधारात सोबत्याचा चेहराही नीट दिसत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर शीत, रूक्ष, वायू, श्रम, रात्रिजागरण आणि अल्पाहार ही वातप्रकोपाची बहुतेक सर्व कारणे एका रात्रीत एकत्र येतात.

ग्रंथातील रात्रीचा पथिक

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात प्रवास करणाऱ्यास दिलेला उपदेश या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. रात्री बाहेर पडणे केवळ निकडीच्या कार्यासाठीच असावे. पडावेच लागले तर हाती काठी, डोक्यास आच्छादन आणि बरोबर सोबती असावा, असे ते सांगतात. चालताना पायांत पादत्राणे असावीत आणि दृष्टी चार हात पुढील भूमीवर ठेवावी, हेही त्याच ठिकाणी आहे. काठी, टोपी, सोबती, पादत्राण आणि चार हात अंतरावर पडणारा दिव्याचा प्रकाश हीच आजच्या हिमवाटेवरील पहिली पाच साधने आहेत. यांतील सोबती सर्वांत मोलाचा, कारण थंडीने बुद्धी मंदावलेल्या माणसास आपली बुद्धी मंदावली आहे हे स्वतः समजत नाही.

व्यायामाचा उपदेशही तितकाच उपयुक्त आहे. बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्या व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, असे वाग्भट म्हणतात. तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ व काखेत घाम येणे या खुणा दिसल्या की अर्धी शक्ती संपली असे समजावे. बर्फात या नियमाला दुहेरी अर्थ येतो. घामाने आतील कपडे ओले झाले की विश्रांतीच्या पहिल्या पाच मिनिटांतच ते कपडे शरीराची उष्णता शोषू लागतात. म्हणून निघताना किंचित थंडी वाजत असतानाच चालू लागावे, अंग तापल्यावर वरचा एक थर काढावा, थांबताच पुन्हा चढवावा आणि सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्याच गतीने चढावे. घामेजलेला सुती बनियन या वाटेवर शत्रू ठरतो. लोकर किंवा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कापड अंगालगत असावे.

हेमंत-शिशिरातील आहाराविषयी चरकाचार्यांनी तस्याशितीय अध्यायात सांगितलेले सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. या काळात अग्नी प्रबळ असतो, त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसाचेच शोषण करतो व वायू प्रकुपित होतो. म्हणून स्निग्ध, मधुर, अम्ल, लवण रसांचे गुरू अन्न घ्यावे, अल्प व रूक्ष अन्न टाळावे. आपल्याकडील डिंकाचे लाडू, तिळगूळ, गूळपोळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की हे सर्व या सूत्रात बसते आणि गोठले तरी खाता येते. दर तासाला थोडे खावे. पाणी मात्र आठवणीने प्यावे, कारण थंडीत तहान मंदावते. रात्री तंबूबाहेर जावे लागू नये म्हणून पाणी न पिणे व मूत्रवेग अडवणे ही सर्रास आढळणारी खोड आहे. वेगधारणाचे दोष सांगण्याची ही योग्य संधी समजावी.

‘उष्ण’ उपचार म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अग्निकर्माच्या अध्यायाच्या शेवटी, थंडी, पाऊस व वारा यांनी ‘दग्ध’ झालेल्या रुग्णाचा उल्लेख आहे आणि त्यास स्निग्ध व उष्ण उपचार प्रशस्त मानला आहे. थंडीने होणाऱ्या इजेला आचार्यांनी ‘दग्ध’ म्हणावे, हे निरीक्षण विलक्षण आहे. हिमदंशातील फोड व मृत त्वचा पाहिल्यावर त्या शब्दाची यथार्थता पटते. परंतु ‘उष्ण’ या शब्दाचा अर्थ आम्ही व आमच्यासारख्या अनेकांनी ‘शेक’ असा केला आणि तेथेच घात झाला.

स्वेदन कोठे थांबवावे याची चरकोक्त लक्षणे आपणा सर्वांस पाठ असतात. शीत व शूल शमणे, स्तंभ व गौरव जाणे, मार्दव येणे, घाम येणे. यांतील बहुतेक लक्षणे रुग्णाने स्वतः अनुभवून सांगावयाची आहेत. म्हणजे स्वेदनाचे माप रुग्णाच्या संवेदनेत आहे. ज्या बोटाची संवेदनाच लोपली आहे, त्याला शेक देताना हे मापच नाहीसे झालेले असते. शेकोटी, तापवलेले भांडे, गरम वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी यांतील कोणताही अग्नी अशा अवयवास नकळत भाजतो. चोळण्याने तर पेशींत तयार झालेल्या बर्फाच्या सूक्ष्म कणांमुळे ऊतींची अधिक हानी होते. म्हणून स्पर्शज्ञान नसलेल्या अवयवास रूक्ष अग्निस्वेद व मर्दन दोन्ही निषिद्ध समजावेत.

आधुनिक गिर्यारोहण वैद्यकात मान्य असलेली पद्धत सुश्रुतांच्या तत्त्वाशी विसंगत नाही. तिला आपण सौम्य अवगाह म्हणू शकतो. बाधित भाग ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे अर्धा तास, त्वचा मऊ व लालसर होईपर्यंत बुडवून ठेवावा. पाण्याची उष्णता निरोगी सोबत्याने आपल्या हाताने तपासावी, शक्य तर तापमापकाने मोजावी आणि थंड होईल तसे कोमट पाणी घालत राहावे. संवेदना परतताना तीव्र वेदना होतात, याची रुग्णास पूर्वसूचना द्यावी. फोड फोडू नयेत. बोटांमध्ये कोरडा कापूस ठेवून सैल बांधावे व रुग्णालयात न्यावे.

एक अट मात्र विसरू नये. पुन्हा त्याच थंडीत चालावे लागणार असेल तर वितळवण्याची घाई करू नये. वितळलेला अवयव पुन्हा गोठला तर हानी अनेक पटींनी वाढते. बोटे नुसती पांढरी व बधीर झाली असतील, कडक झाली नसतील, तर सोबत्याच्या काखेत किंवा पोटाशी धरून ऊब देणे, नाड्या सैल करणे व ओले मोजे बदलणे पुरेसे होते.

तेलाविषयीही एक गैरसमज आहे. चेहऱ्याला तेल किंवा मलम थापले की थंडी बाधत नाही, असे अनेक जण मानतात. फिनलंडमध्ये लष्करी प्रशिक्षणार्थींची पाहणी झाली तेव्हा असे मलम वापरणाऱ्यांत हिमदंश कमी न होता उलट अधिक आढळला. तेलाने त्वचेस ऊब आल्याचा भास होतो आणि माणूस तोंड झाकण्यात ढिलाई करतो, हे त्याचे संभाव्य कारण आहे. अभ्यंगाचे स्थान घरी, निघण्यापूर्वीच्या दिवसांत व परतल्यावर आहे. माथ्याच्या वाटेवर कोरडी लोकरी टोपी, कान झाकणारी पट्टी आणि सैल, कोरडे मोजे हेच संरक्षण होय.

सर्वांगास शीत बाधल्यास

शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की सर्व देहव्यापार मंदावतात. प्रथम जोराचा कंप येतो. त्यानंतर पाय अडखळणे, बोलणे अस्पष्ट होणे, हातातून वस्तू निसटणे, विनाकारण चिडचिड किंवा ‘मला येथेच बसू द्या’ असा हट्ट ही लक्षणे दिसतात. अंधारात चेहरा दिसत नसल्याने बोलण्यावरून व चालीवरूनच ती ओळखावी लागतात. कंप थांबला व रुग्ण गप्प झाला तर तो बरा झाला असे समजू नये. तापमान ३२ अंशांच्या आसपास आल्याची ती गंभीर खूण असू शकते. कित्येकदा असा रुग्ण उकडते म्हणून अंगावरील कपडे काढू लागतो.

अशा रुग्णास वाऱ्यापासून आडोशास न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खालून बर्फाचा स्पर्श होणार नाही असे जाड अंथरूण घालावे आणि झोपण्याच्या पिशवीत गुंडाळावे. छाती, काखा यांना कपड्यावरून ऊब द्यावी. शुद्धीवर असेल व गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. येथे सुंठ-गुळाचा काढा उत्तम. हातपाय चोळू नयेत व त्यास चालवू नये. अतिशीत हृदय साध्या धक्क्यानेही विषम गतीने चालू लागते, म्हणून हलवताना मृदुता ठेवावी.

जून २०२४ च्या प्रारंभी उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर कर्नाटकातील पदभ्रमण करणाऱ्यांचा एक गट सुमारे ४,४०० मीटर उंचीवर हिमवादळात अडकला व नऊ जणांचा मृत्यू झाला. तो काळ उन्हाळ्याचा होता. पर्वतावर शिशिर कोणत्याही महिन्यात येऊ शकतो, ही गोष्ट या दुर्घटनेने पुन्हा सिद्ध केली.

पिशवीतील औषधांची झडती

आमच्याकडे येणाऱ्या प्रवाशास आम्ही आता त्याची औषधाची पिशवी उघडावयास सांगतो. पुढील गोष्टी बहुधा निघतात.

१. त्रिभुवनकीर्ती व अन्य वत्सनाभयुक्त कल्प. सर्दी-तापासाठी म्हणून यांची पाकिटे सहज खरेदी केली जातात. ओठ, जीभ व हातापायांस मुंग्या येणे, बधिरता येणे व हृदयगती बिघडणे ही वत्सनाभाच्या अतिमात्रेची लक्षणे आहेत. रात्री बर्फात बोटे बधीर झाली तर ती थंडीने की गोळ्यांनी, हे कोण ठरवणार? त्यातून हा कल्प घाम आणणारा आहे. हिमवाटेसाठी हा स्वचिकित्सेचा कल्प नव्हे.

२. आसव-अरिष्टे. यांत संधानाने उत्पन्न झालेले मद्य असते. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, ऊब वाटते, परंतु आतील उष्णता बाहेर जाते आणि कंपही दबतो. जेवणानंतरच्या मात्रेत घरी घेणे वेगळे आणि थंडी घालवण्यासाठी शिखराच्या वाटेवर बाटलीतून घोट घेणे वेगळे. ब्रँडी किंवा रम यांबाबत तर वेगळे सांगावयास नको.

३. कापराची पुरचुंडी. कापूर, लवंग, ओवा व निलगिरी तेल यांची पुरचुंडी हुंगल्याने प्राणवायू वाढतो, ही समजूत पर्वतीय यात्रांच्या वाटांवर दृढ झाली आहे. कापराने नाकातील शीतग्राही संवेदना उद्दीपित होते व श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. ज्या रुग्णास खाली उतरवावयाचे आहे, त्यास पुरचुंडी हुंगवत बसवणे हा कालापव्यय ठरतो. लहान मुलाने कापूर गिळल्यास झटके येऊ शकतात, हेही औषधालयाने सांगावे.

४. निद्राकर कल्प. उंचीवर झोप नीट लागत नाही म्हणून सर्पगंधायुक्त गोळ्या नेणारे आढळतात. सर्पगंधा रक्तदाब उतरवते व ग्लानी आणते. उंचीवरील विकाराची एक खूणही ग्लानीच असल्याने ती झाकली जाण्याचा धोका आहे.

५. सुंठ, आलेपाक, च्यवनप्राश, तुळशीचा काढा. यांस हरकत नाही. मात्र सुंठीने मळमळ शमली म्हणून पुढे चढण्यास परवानगी मिळाली असे नव्हे.

उंचीचा विकार आणि परत फिरण्याचे धैर्य

साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावर वासना नसणे, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही आढळल्यास, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच विकार समजावा. लक्षणे असताना वर जाऊ नये. विश्रांती घेऊनही ती वाढली तर खाली उतरावे. विश्रांतीतही दम लागणे, खोकला, छातीत घुरघुर ही फुप्फुसांत पाणी साचल्याची चिन्हे आहेत. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूस सूज आल्याची चिन्हे आहेत. या दोन्ही अवस्था काही तासांत प्राण घेऊ शकतात. त्वरित खाली उतरवणे व प्राणवायू देणे हाच त्यांवरील मुख्य उपचार आहे, आणि त्यासाठी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

३,००० मीटरच्या वर प्रत्येक रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक वर नसावा व तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, हा सर्वमान्य नियम आहे. समुद्रकाठच्या उरणहून निघालेल्या माणसाने सुट्टीचे मोजके दिवस धरून आखलेल्या सहलीत तो क्वचितच पाळला जातो. प्रतिबंधासाठी वापरले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध कोणास द्यावे, कोणास देऊ नये, याचा निर्णय त्या विषयाचे ज्ञान असलेल्या आधुनिक चिकित्सकाकडे सोपवावा. त्याऐवजी आपला एखादा रसायन कल्प ‘हमखास’ म्हणून देणे शास्त्रास व व्यवसायास दोहोंस हानिकारक आहे.

हृद्रोग, अनियंत्रित रक्तदाब, श्वास, गर्भावस्था, मधुमेहामुळे पायांची आलेली बधिरता, थंडीत बोटे पांढरी पडण्याची प्रवृत्ती, पूर्वी झालेला हिमदंश व धूम्रपान यांची विचारणा प्रत्येकाकडे करावी. इन्सुलिन घेणाऱ्यास ते गोठू न देण्याची सूचना द्यावी. या यादीतील अनेकांस ‘यंदा जाऊ नका’ असे स्पष्ट सांगावे लागते. रुग्ण नाराज होतो, परंतु ती नाराजी आपण पत्करावी.

औषधविक्रेत्यांस दोन शब्द

हिमवंत हा औषधभूमींत श्रेष्ठ आहे, असे चरकाचार्यांनी अग्र्यप्रकरणात नमूद केले आहे. आपल्या फडताळातील कुटकी, जटामांसी, अतिविषा, कुष्ठ ही द्रव्ये त्याच उंचीवरून येतात. पदभ्रमणास गेलेला माणूस परतताना वाटेवर विकत घेतलेली मुळे हौसेने आणून देतो, असा अनुभव अनेकांस असेल. ती स्वीकारू नयेत. अतिविषा व वत्सनाभ या एकाच कुळातील वनस्पती आहेत. ओळखीत चूक झाली तर लहान मुलांसाठी दिले जाणारे द्रव्य विष ठरते. शिवाय कुटकी व जटामांसी १९९७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या साईटस् कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि कुष्ठ तर पहिल्या परिशिष्टात आहे. मुळासकट उपटली जाणारी ही द्रव्ये परत उगवण्यास अनेक वर्षे लागतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक औषधालयाने एक छापील पत्रक ठेवावे, अशी आमची सूचना आहे. त्यात पाचच ओळी असाव्यात. बधीर अवयव चोळू नका, शेकू नका. मद्य नको. डोकेदुखी असताना वर चढू नका. रात्री एकट्याने मागे राहू नका. शंका आली तर खाली उतरा. औषधाच्या पिशवीबरोबर हे पत्रक गेले तर त्या पिशवीचे मोल वाढेल.

समारोप

वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडातील तो प्रसंग रात्रीचाच आहे. रणभूमीवर विभीषण व हनुमान हाती उल्का घेऊन कोण जिवंत आहे याचा शोध घेत हिंडतात. जखमी जांबवान हनुमंतास हिमवंतावरील औषधिपर्वताची दिशा सांगतो व मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी, संधानकरणी ही चार नावे सांगतो. तेथे पोहोचल्यावर औषधी अदृश्य होतात, ओळख पटत नाही, म्हणून हनुमान पर्वताचे शिखरच उचलतो. कार्य झाल्यावर तो ते पुन्हा हिमालयात नेऊन ठेवतो, हा भाग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. चमोली जिल्ह्यातील द्रोणागिरी गावचे लोक पर्वत नेला म्हणून आजही मारुतीची पूजा करीत नाहीत. संजीवनी नेमकी कोणती, याचा शोध अद्याप चालूच आहे. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये काही संशोधकांनी संभाव्य वनस्पतींची चर्चा केली. २०१६ साली उत्तराखंड शासनाने या शोधासाठी निधी देण्याचे घोषित केले.

हनुमंतास ओळख पटली नाही तरी पर्वत उचलण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी होते. आपल्यापाशी ते नाही. रात्री तीन वाजता बर्फात उभ्या असलेल्या रुग्णापर्यंत आपण कोणताही पर्वत पोहोचवू शकत नाही. त्याच्याजवळ असेल ते आपण निघण्यापूर्वी दिलेले ज्ञान आणि शेजारी उभा असलेला सोबती. बधीर बोट, अडखळती चाल, डोकेदुखी यांची ओळख त्या दोघांना वेळेवर पटावी, इतके आपण खात्रीने करू शकतो.

त्या गृहस्थांना आम्ही पुढच्या मार्गशीर्षात स्वतः बोलावून घेतले आणि जे पहिल्यांदा सांगावयास हवे होते ते तासभर बसून सांगितले. त्यांनी बूट एका मापाने मोठे घेतले. माथ्यापासून थोड्या अंतरावर सोबतिणीला डोकेदुखी व मळमळ सुरू झाल्याने ते दोघे वाटेतूनच परत फिरले. सूर्योदय त्यांनी खालच्या तळावरून पाहिला. परत आल्यावर त्यांनी आमच्यासमोर दोन्ही पाय ठेवले आणि दहाही बोटे हलवून दाखवली.